‘कट’ म्हटल्यानंतरचं चालणं

स्टॉपवॉच माझ्या हातात होतं आणि समोरच्या खुर्चीत एक्क्याण्णव वर्षांची बाई लिपस्टिक लावून बसली होती. मी म्हटलं, "जॉइस, मी ‘गो’ म्हटलं की उठायचं, त्या पिवळ्या टेपपर्यंत चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. घाई नको."

"वळू कुठून?" तिने विचारलं.

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. "तुम्हाला सोयीचं असेल तसं."

"मग उजवीकडून. डावी बाजू मी दाखवत नाही."

ती उठली. खुर्चीला हात न लावता उठली. टेपकडे एकदाही न बघता बरोबर टेपवर थांबली, उजव्या पायावर वळली, खांद्यावरून माझ्याकडे पाहून हसली आणि खुर्चीत अशी टेकली की गादीचा आवाजसुद्धा झाला नाही. माझ्या साठीतल्या पेशंटना हे जमत नाही. मलाही जमत नाही.

मी न्यूझीलंडमध्ये, हॅमिल्टनला कम्युनिटी फिजिओथेरपिस्ट आहे. म्हणजे हॉस्पिटलात बसत नाही, गाडी काढून लोकांच्या घरी जाते आणि म्हातारी माणसं स्वतःच्या घरात कशी उठतात, बसतात आणि पडतात ते पाहते. वरची परीक्षा आमची रोजची. खुर्चीतून उठून तीन मीटर चालून परत यायला किती वेळ लागतो, यावरून माणूस पडायची शक्यता किती ते आम्ही ताडतो. परीक्षा साधी आहे, स्वस्त आहे, आणि तिला कुणी रिहर्सल करून बसेल असं ती शोधणाऱ्याच्या डोक्यात आलेलं नाही.

जॉइस आमच्याकडे आली होती ती अँब्युलन्सवाल्यांमुळे. त्यांनी तिला स्वयंपाकघराच्या फरशीवरून दोनदा उचललं होतं. याबद्दल मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मी पडले नव्हते. खाली बसले होते."

"दोन्ही वेळा?"

"मला ती फरशी आवडते."

ऑफिसमध्ये तिची फाइल आली त्या दिवशी कुणी काम केलं नाही. आमची टीम लीडर ब्रेंडा हिने जुन्या हॉलिवूडच्या एका सिनेमातला तिचा नाच फोनवर शोधून काढला आणि सगळ्यांना दाखवला. काळे-पांढरे जिने, साठेक मुली, आणि त्यांच्या मधून खाली उतरणारी ही. "ओह, तिचे पाय बघ," ब्रेंडा म्हणाली. मी म्हटलं, "तेच बघायला चालले आहे."

जॉइस टब ही इथल्याच वायकाटो भागातल्या एका गायीवाल्याची मुलगी. अठराव्या वर्षी नाचाची स्पर्धा जिंकून बोटीने अमेरिकेला गेली. तिथल्या स्टुडिओने तिला सात वर्षांच्या करारावर घेतलं आणि आधी दुरुस्तीला काढलं. दात बदलले, भुवया बदलल्या, कपाळ मोठं दिसावं म्हणून पुढचे केस मुळापासून काढले. ‘टब’ नावाची नायिका चालणार नाही म्हणून नाव ठेवलं ज्यॉर्जेट व्हेर्नो आणि जन्मगाव पॅरिस. फ्रेंचचा एक शब्द येत नव्हता. मग मुलाखतीत गप्प बसायचं असं ठरलं, आणि पेपरवाल्यांनी लिहिलं की बाई गूढ आहे. पडद्यावर ती गायची तो आवाज दुसऱ्या बाईचा, जिचं नाव कुठेही छापलं नाही. पाय मात्र तिचे स्वतःचे. अकरा सिनेमे केले. बहुतेकांत ती नायकाच्या स्वप्नात येऊन नाचायची. मग नायक जागा व्हायचा आणि दुसरीशी लग्न करायचा.

नाचगाण्यांच्या सिनेमांची हवा गेली तशी स्टुडिओने तिला सोडलं. ती हॅमिल्टनला परत आली आणि तिने चाळीस वर्षं मुलींना नाच शिकवला. इथे तिला पॅरिसची मानायला कुणी तयार नव्हतं. सगळ्यांना तिच्या वडिलांच्या गायी माहीत होत्या. तरी बोलणं तिने अमेरिकन ठेवलं, वर थोडं फ्रेंच शिंपडून. रागावली की मात्र उच्चार थेट गोठ्यात परत जायचे.

तर पहिल्या भेटीनंतर मी बाहेर येऊन गाडीत बसले आणि टॅब्लेटवर नोट्स लिहायला घेतल्या. चालणं उत्तम, तोल उत्तम, मदतीची गरज नाही. लिहिता लिहिता मान वर केली. समोर तिच्या बैठकीच्या खोलीची मोठी खिडकी होती, पडदे उघडे होते.

आत जॉइस खुर्चीतून उठत होती. या वेळी ती तीन प्रयत्नांत उठली. मग तिने खुर्चीची पाठ धरली, तिथून टेबलाची कड, तिथून पियानो, तिथून दाराची चौकट. डावा पाय मागून ओढत आणत होती. याला आमच्यात फर्निचर वॉकिंग म्हणतात. माणूस जमिनीवर चालत नाही, सामानावर चालतो. आणि परक्यासमोर, विशेषतः डॉक्टरसमोर, तोच माणूस अचानक ठणठणीत होतो, त्याला म्हणतात शोटाइम. बाकीच्यांच्या बाबतीत ही उपमा असते.

मी नोट्स पुसल्या.

संध्याकाळी तिच्या भाचीचा फोन आला. रॉबिन, दूर ख्राइस्टचर्चला असते, वय पासष्ट, स्वतःचा खुबा बदललेला.

"काय म्हणते ती?"

"परीक्षेत पहिली आली," मी म्हटलं. "मी गेल्यावर मात्र नापास झाली."

"फोनवर विचारलं की नेहमी ‘स्वीट ॲज’ म्हणते, एकदम मस्त. मग अँब्युलन्सवाल्यांचा फोन येतो. हे बघ, मी तिथे राहू शकत नाही. इथे वृद्धांच्या रेस्ट होममध्ये तिच्यासाठी खोली पाहून ठेवली आहे. घरी रोज मदतीला कुणी येणार असेल तर राहू दे तिला. नसेल तर या महिनाअखेर मी येऊन तिला घेऊन जाते."

"खोली कशी आहे?"

"चांगली आहे. खिडकीतून कार पार्क दिसतो."

रॉबिनचं काही चूक नव्हतं. हीच अशा प्रकरणांतली अडचण असते, शिव्या द्यायला कुणी सापडत नाही. मग आपण सिस्टिमला देतो. इथे घरी मदतनीस पाठवायचा खर्च सरकार करतं, पण किती तास द्यायचे ते असेसर ठरवते. ती घरी येते, बघते, लॅपटॉपमध्ये भरते. माझा रिपोर्ट तिला जातो, पण ती विश्वास ठेवते स्वतःच्या डोळ्यांवर. म्हणजे जॉइसला घरात राहायचं असेल तर एका परक्या बाईसमोर तिने वाईट चालून दाखवायला हवं होतं. चांगली चालली की मदत नाही. मदत नाही की ख्राइस्टचर्च, खोली, कार पार्क.

दुसऱ्या भेटीत मी हे तिला सरळ सांगितलं. खिडकीतून काय पाहिलं तेही सांगितलं.

तिने खिडकीकडे पाहिलं. मग म्हणाली, "पडदे लावायला हवे होते."

"चालणं लपवायला हवं होतं असं का वाटतं तुम्हाला?"

"तू कधी सेटवर गेली आहेस?"

"नाही."

"मग ऐक. जमिनीवर खूण असते, तिथे थांबायचं. खाली बघितलंस तर शॉट गेला. म्हणून चालणं आधी पायात मोजून ठेवायचं. एका नाचात माझा गुडघा सुजून भोपळा झाला होता. डॉक्टर यायचा, सुई टोचायचा, मी जिना उतरायचे. दिवसभर. लंगडले असते तर काय झालं असतं? माझ्या मापाचा ड्रेस घालून दुसरी मुलगी दिव्यांच्या मागे उभीच असायची. तिचं नाव मला कुणी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही."

"इथे दुसरी मुलगी नाही आहे, जॉइस."

"आहे. तिचं नाव रेस्ट होम."

मी म्हटलं, "असेसर येईल तेव्हा जसं आहे तसं चाला. एवढंच."

"जसं आहे तसं." तिने ते शब्द चाखून पाहिले. "म्हणजे भूमिका म्हातारीची."

"भूमिका नाही."

"मी करून दाखवते."

आणि तिने करून दाखवलं. कमरेत वाकली, एक हात कपाळावर, दुसरा हवेत थरथरतोय, ओठ उघडे. उजवा पाय ओढत निघाली. उजवा! चांगला पाय! टेपपाशी पोचून तिने भिंतीला टेकून एक हुंदका दिला.

"पाय चुकला," मी म्हटलं.

"डावी बाजू मी दाखवत नाही."

"आणि हुंदका कशाला?"

"तूच म्हणालीस वाईट दिसायला हवं."

आम्ही अर्धा तास घासला. ती दोनच प्रकारे चालू शकत होती: नायिकेसारखी, किंवा वाईट सिनेमातल्या मरणाऱ्या आईसारखी. स्वतःसारखं चालायचं म्हटलं की तिच्या चेहऱ्यावर भीती यायची, आणि भीती आली की लगेच वर हसू चढायचं. सत्तर वर्षांची सवय होती ती.

असेसर म्हणून आली श्रुती. दोन वर्षांपूर्वी पुण्याहून आलेली, हुशार, कामसू, मला ताई म्हणते. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत मोदक तिच्याकडे असतात. ओळख असली तरी हे काम कामासारखंच करायचं, म्हणून मी तिला आधी काही सांगितलं नाही. फक्त बैठकीच्या खोलीत तिला कुठे बसवायचं ते मी ठरवून ठेवलं होतं. जॉइसच्या पॅसेजमध्ये माणसाएवढा आरसा आहे. एका विशिष्ट खुर्चीतून त्यात सबंध स्वयंपाकघर दिसतं.

माझा हिशोब सोपा होता. माणूस परीक्षेत अभिनय करतो, चहा करताना कुणी करत नाही. काम संपलं, लॅपटॉप मिटला की या देशात यजमान ‘जग लावू का?’ विचारतोच. जग म्हणजे इथली पाणी उकळायची विजेची किटली. पाहुणा हो म्हणतो. जॉइस स्वयंपाकघरात जाते. आरसा बाकीचं करतो.

परीक्षा झाली. जॉइसने कानांत मोत्यांच्या कुड्या घातल्या होत्या आणि पायांत टाचांचे बूट. म्हातारीची भूमिका श्रुतीला पाहताच तिने रद्द केली. ‘गो’ म्हणताच उठली, चालली, वळली, हसली. श्रुतीने टाळ्या वाजवल्या. असेसरने टाळ्या वाजवलेल्या मी प्रथमच पाहिल्या.

"अंघोळ स्वतः करता?"

"हो, डार्लिंग."

"स्वयंपाक?"

"हीप्स. भरपूर."

"पडलात कधी?"

"प्रेमात."

श्रुती हसत हसत टाइप करत होती. प्रत्येक हसण्याबरोबर जॉइसचा एक तास जात होता. शेवटी तिने लॅपटॉप मिटला आणि जॉइसने विचारलं, "चहा घेणार? जग लावते."

श्रुती म्हणाली, "नो नो, प्लीज, आय ॲम फाइन. आत्ताच घेतला."

आता इथे मराठी वाचकाला सांगायला नको की त्या ‘नको’चा अर्थ काय होता. आपल्याकडे पहिला नकार म्हणजे बोलण्यातला स्वल्पविराम. यजमानाने पुन्हा म्हणायचं, पाहुण्याने पुन्हा नको म्हणायचं, तोवर आतून कप घेऊन कुणीतरी आलेलंच असतं. न्यूझीलंडमध्ये नको म्हणजे नको. जग लागत नाही, विषय संपतो. जॉइस आरामात मागे टेकली. तिची सुटका झाली होती. श्रुती बॅगेची चेन लावत होती.

मी मराठीत म्हटलं, "श्रुती, चहा हवा म्हण."

"नको ताई, खरंच. कशाला त्यांना त्रास?"

"त्रास व्हायलाच हवा आहे. हवा म्हण."

"अहो, पण मी आत्ताच गाडीत..."

"परत घे. दूध, साखर सगळं घालून."

"मी साखर सोडली आहे."

"उद्या सोड."

जॉइसने दोघींकडे पाहिलं. "काय चाललंय?"

"ती लाजतेय," मी इंग्रजीत म्हटलं. "आमच्याकडे पहिल्यांदा नाहीच म्हणतात."

"मग हो कधी म्हणतात?"

"तिसऱ्यांदा."

"केवढा वेळ जात असेल तुमचा," जॉइस म्हणाली.

श्रुतीने माझ्याकडे पाहिलं, काहीतरी ओळखलं, आणि ‘येस प्लीज’ म्हणाली. पाहुण्याने चहा मागितल्यावर नाही म्हणणं जॉइसच्या संस्कारात नव्हतं. ती उठली. दारापर्यंत राणीसारखी गेली.

दार ओलांडलं तसे खांदे खाली आले. मी श्रुतीला फक्त आरशाकडे बोट दाखवलं.

जॉइसने दोन्ही हातांनी ओट्याची कड धरली होती. डावा पाय बाजूला पडला होता, एखादी पिशवी ठेवावी तसा. जग तिला उचलता येत नव्हता. तो जागेवरच ठेवून ती कपाने थोडं थोडं पाणी त्यात भरत होती. दूध काढायला फ्रिजचं दार उघडलं आणि दारालाच लटकली. बाटली ओट्यावरून सरकवत आणली. आणि मग, पाणी उकळेपर्यंत, तिने कपाळ फ्रिजच्या दारावर टेकवलं आणि डोळे मिटून उभी राहिली. कानातली कुडी पत्र्यावर हलकी वाजत होती.

श्रुतीने बॅगेतून लॅपटॉप परत काढला.

आतून गोड आवाज आला, "कप तुमचे तुम्ही न्या गं! या घरात वेट्रेस नाहीत!" येणाऱ्याजाणाऱ्यांना ती हेच सांगत असणार, आणि त्यांना ती मिश्कील वाटत असणार. खरं कारण हे की भरलेला कप हातात धरून तिला एक पाऊलही टाकता येत नव्हतं.

मी उठले तेवढ्यात जॉइसने मान वर केली. आरशात आम्ही तिला दिसत होतो तशी तीही आम्हाला दिसत होती, हे तिला मांजरीच्या चपळाईने कळलं. लगेच पाठ ताठ झाली, पण उशीर झाला होता.

"तू ‘कट’ म्हणालीस आणि कॅमेरा चालू ठेवलास," ती मला म्हणाली. सगळे उच्चार वायकाटोचे, एकही पॅरिसचा नाही.

"हो."

"असं करणाऱ्याला आम्ही काय म्हणायचो माहीत आहे?"

"काय?"

तिने सांगितलं. छापण्यासारखं नाही. श्रुतीचे कान लाल झाले.

"घर राहील," मी म्हटलं. "हवं तर मला अजून एकदा म्हणा."

तिने म्हटलं.

मंजूर झालं ते असं: रोज सकाळ-संध्याकाळ मदतनीस, बाथरूममध्ये पकडायला दांडे, स्वयंपाकघरात चाकांची ट्रॉली. रॉबिनने ख्राइस्टचर्चची खोली सोडली. फोनवर रडली, मग म्हणाली की थँक गॉड, नाहीतर तिची ती डान्स स्टोरी रोज मला ऐकावी लागली असती. ब्रेंडाने टीम मीटिंगमध्ये आमचं कौतुक केलं आणि या केसला ‘पेशंट-सेंटर्ड ॲप्रोच’ असं नाव दिलं. आरशातून चोरून बघण्याला असंही म्हणतात हे मला नवीन होतं.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण मदत मंजूर होणं आणि मदत घेतली जाणं यांत बराच रस्ता असतो.

मदतनीस होती मेले नावाची, मूळची टोंगा बेटांवरची, दणकट आणि सोशीक. आठवड्यानंतर तिचा मला फोन आला. "ही लेडी अमेझिंग आहे. मी गेले की स्वतः तयार होऊन बसलेली असते. अंघोळ झालेली असते. मला खुर्चीत बसवते, नाच कसा करायचा ते दाखवते. मी काहीच करत नाही. मला वाईट वाटतं, म्हणून रिपोर्टमध्ये लिहिलं, क्लायंट इंडिपेंडंट."

मी कपाळाला हात लावला. असे दोन रिपोर्ट गेले की तास कापले जातात. "आणि तिचे दंड बघितलेस?"

"लांब बाह्या घालते."

"उद्या बघ."

दुसऱ्या दिवशी मेलेने सांगितलं. दोन्ही दंड काळेनिळे. मेले यायच्या आत एकटीने अंघोळ उरकायची म्हणून जॉइस पहाटे उठत होती आणि नव्या दांड्यांवर आपटत होती. मेले तिच्यासाठी मदतनीस नव्हती, रोज सकाळी वेळेवर येणारा प्रेक्षक होती.

"तू तिच्याकडे बघतेस ना?" मी विचारलं.

"अर्थात. बघायला नको? पडली तर?"

"बघू नकोस. रोज लवकर जा, बाथरूममध्ये तिच्याकडे पाठ करून उभी राहा आणि खांदा पुढे कर. तोंडाने दुसरंच काहीतरी बोलत राहा. तुझ्या मुलांचं रग्बी सांग."

"पाठ करून? आमच्या ट्रेनिंगमध्ये सांगितलंय की नेहमी क्लायंटकडे लक्ष हवं."

"लक्ष दे. डोळे देऊ नकोस."

मेलेला मी वेडी वाटले असणार, पण तिने केलं. तिसऱ्या दिवशी तिच्या खांद्यावर मागून एक हात आला. पिसासारखा, ती म्हणाली. मग दुसरा. मग सगळं वजन. मेले भिंतीकडे बघत धाकट्याच्या मॅचबद्दल बोलत राहिली आणि तिच्या मागे जॉइस टब डावा पाय ओढत अंघोळीला गेली. रिपोर्टमध्ये आता ‘फुल असिस्ट’ येतं. त्याची एक प्रत जॉइसलाही जाते. ती वाचत नाही. म्हणते समीक्षा वाचणं तिने केव्हाच सोडलं.

लोकांना मदत नको असते असं नाही. मदत घेताना बघणारं कुणी नको असतं. आमच्या खात्याची अडचण अशी की तिथे मदत मिळवायला आधी बघणाऱ्यासमोर पडून दाखवावं लागतं. जे बरं पडतात त्यांना तास मिळतात. ज्यांनी आयुष्यभर न पडण्याचे पैसे घेतले, ते स्वयंपाकघरात फरशी आवडते म्हणून बसतात.